बेधडक चॅनेल आणि जळालेली डीपी

२२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून शेवगाव तालुक्यात लोकशाहीचा चौथा खांब मी एकटा धरणार. चॅनेल सुरू : ‘बेधडक कानिफनाथ’. पहिला विषय, आमच्या वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. जळून चार दिवस झाले, मोटारी बंद, कांदा माना टाकतोय. माझाही दीड एकर. व्हिडिओत वीज ऑफिसच्या साहेबांना नाव घेऊन झापलं. थरथरले असतील.

२३ फेब्रुवारी
१९ व्ह्यूज. पेपरात वाचलं, सरकारने सांगितलेली पोस्ट सोशल मीडिया कंपन्यांनी आता तीन तासांत काढायची. ही गळचेपी आहे! जळजळीत व्हिडिओ करणार. उद्या.

दुपारी २
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात अनोळखी माणूस. आधारची कॉपी काढली, चॅनेल तुमचंच का विचारलं, हसला. सायबर पोलीसवालाच. डीपीचा व्हिडिओ तात्पुरता काढला. तीन मिनिटांत. सरकारला तीन तास लागतात! ही माघार नाही, तयारी आहे.

२५ फेब्रुवारी
बायकोने, म्हणजे मुक्ताने, फैलावर घेतलं. म्हणे, कुनी काढाया सांगितला हुता? कुणीच नाही, हेच तर गंभीर आहे. तिला कायदा कळत नाही. शेजारच्या रिझवानचा कांदाही त्याच डीपीवर. तो म्हणाला, कानिफभाऊ, तुमी न्हाई बोलले तर कोन बोलनार? गहिवरून आलं. सुधारित व्हिडिओ टाकणार.

२६ फेब्रुवारी
टाकला. साहेबांचं नाव काढलं. मग ‘साहेब’ही काढून ‘संबंधित’ केलं. ‘जळाली’ भडकाऊ वाटलं, म्हणून ‘विश्रांती घेत आहे’. डीपी सरकारी मालमत्ता, ती धूसर केली. शेजारी बांधलेली रिझवानची म्हैस तेवढी स्पष्ट दिसते.

संध्याकाळी ६
प्रचंड प्रतिसाद! आठ कॉमेंट. सात जणांनी विचारलंय, म्हैस कितव्या वेताची. आठवी माझीच.

१ मार्च
जेवण जात नाही. शेवटी स्वतःच पोलीस ठाण्यात गेलो. नोटीस असेल तर ताठ मानेने घ्यावी. हवालदारांनी रजिस्टर दोनदा पाहिलं. माझं नाव नाही. कसलं चॅनेल, म्हणाले. व्हिडिओ दाखवला. म्हैस चोरीला गेली का, तक्रार लिहून घेऊ का, असं विचारलं. मला काही कळू द्यायचं नाही, असा वरून आदेश असणार.

३ मार्च
घात! मुक्ताने स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ टाकला. वाफ्यात उभी राहून, साहेबांचं नाव घेऊन : ह्यो कांदा बगा, मी मुक्ताबाई, हितंच ऱ्हाते, यायचं तं या. हातापाया पडलो, डिलीट करत नाही. आता अटक नक्की, म्हणून मी माझी पिशवी भरून ठेवली. टॉवेल, बीपीच्या गोळ्या.

४ मार्च, दुपारी ४
बांधावर सरकारी माणसं घेऊन टेम्पो आला. मी उसात शिरलो. तासाभराने मुक्ताने हाका मारून बाहेर काढलं. टेम्पोत नवी डीपी होती.

५ मार्च
मोटारी चालू. आमचा निम्मा कांदा वाचला. रिझवानचं रान हलकं, ओल धरत नाही, त्याचा सगळा गेला. वस्तीने मुक्ताचा सत्कार केला, शूटिंग माझ्याकडे. ती म्हणाली, आमच्या मालकांनी पैला व्हिडिओ ठिवला असता तं रिझवानभाऊंचा कांदा वाचला असता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिझवान खाली बघत होता.

सत्कार चॅनेलवर टाकला. तेवढं वाक्य कापलं.