जास्वंदीची खांदमळणी

१७ ऑगस्ट १९९०, शुक्रवार

पन्नीत पाणी जमलं! सकाळी अंगणात डब्यात लावलेल्या माझ्या जास्वंदीच्या फांदीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पन्नी चढवून दोऱ्याने बांधली होती. दुपारपर्यंत आतून सगळे थेंब. शाळेला येता-जाता झाड बघणारी मुलं डब्याभोवतून हलेनात.

गुरुवारी साहेब तपासणीला येणार. पानांवरच्या छिद्रांचा पाठ सुधाकरराव गुरुजींनी मला घ्यायला सांगितलाय. मी इंटर झालेली, शाळेत बिनपगारी. पाठ साहेबांना पटला तर गुरुजी बाबांपाशी माझ्या आदिलाबादच्या ट्रेनिंगचा विषय काढणार. बाबांच्या शब्दाशिवाय मी आमच्या वांकिडीच्या पुढे जाऊ शकत नाही. मी विचारलं की एकच उत्तर — 'पाहू.' घरात सही करता येणारी मी पहिली, पण हो म्हणणारे तेच.

१८ ऑगस्ट

गोठ्यात बैलांसमोर पाठ म्हणून पाहिला. पानाच्या पाठीवर बारीक तोंडं असतात. प्रत्येकाला दोन ओठ. पाणी पुरेसं असलं की ओठ फुगतात, तोंड उघडतं — हवा आत, वाफ बाहेर. पाणी कमी पडलं की ओठ सैल, तोंड बंद. अन्न करायचं तर तोंड उघडायला हवं, आणि उघडलं की पाणी जातं. झाडाची रोजची हीच ओढाताण.

एका पानावर अशी हजारो, असं पुस्तकात आहे. मी मोजलेली नाहीत. 'हजारो' म्हणू का?

१९ ऑगस्ट, रविवार

उद्या पोळा, म्हणून आज बैलांची खांदमळणी. मी गुरुजींकडे तक्ता काढत बसले. घरी आले तेव्हा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं होतं.

२० ऑगस्ट, पोळा

जास्वंदीची पानं पिवळी, चकचकीत. दोन्ही बाजूंनी हळद-तूप!

बाबांना विचारलं. म्हणाले, 'हाव, मीच लावलं. काऊन, बिघडलं का काई?'

शिकेकाईने धुऊन पाहिलं. तूप निघालं नाही, दोन पानं मात्र फाटली. बैलांचं उरलेलं माझ्या झाडाला! शेजारी सगळे बैल सजवत होते, मी गोठ्यामागे रडले. भिंतीकडची एक फांदी तेवढी वाचली आहे. तिथवर त्यांचा हात पोचला नसावा.

२१ ऑगस्ट

बाबा आपणहून डब्यापाशी येऊन उभे राहिले. मग मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, 'मंजे बैलाच्या नाकपुडीवानी?'

मी म्हटलं, तसंच, पण पानाला ती मिटता येते.

'अन् म्या त्या नाकपुडीत तूप भरलं म्हन.'

माय चुलीपाशी हसली. 'तिले वाटलं पीक गेलं, अन् तुमाले हसू येऊन राह्यलं.' बाबा हसत नव्हते. पानाची पाठ बोटाने चाचपत होते.

२२ ऑगस्ट

गुरुजी म्हणतात, 'शेजारच्या कुसुमबाईच्या आंगनातली जास्वंद आन. साहेबाले का माहीत?'

पण मुलांना माहीत आहे. हेच झाड त्यांनी रोज पाहिलंय. उद्या दुसरं ठेवलं तर साहेबांआधी त्यांनाच फसवल्यासारखं होईल. आणि पाठ पडला तर? मग 'पाहू'सुद्धा ऐकू येणार नाही.

दिवसभर मन खाली-वर. शेवटी ठरवलं, हेच न्यायचं. एक वाचलेली, एक तुपातली, अशा दोन्ही फांद्यांना पन्न्या बांधायच्या. काय होईल ते होवो.

२३ ऑगस्ट, गुरुवार

झालं! भिंतीकडच्या फांदीच्या पन्नीत थेंब ओघळत होते. तूप लागलेल्या फांदीची पन्नी जवळजवळ कोरडी. साहेबांनी दोन्ही पन्न्या स्वतः बोटाने दाबून पाहिल्या. 'हे पिवळं काय आहे?'

क्षणभर वाटलं, म्हणावं की मीच मुद्दाम लावलं. तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, 'आमच्या बाबांनी खांदमळणीला लावलं, साहेब.' मुलं हसली. साहेबही. गुरुजींनी मान खाली घातली.

मी मुलांना विचारलं, 'ह्या फांदीत पाणी काऊन नाही?' मागून आवाज आला, 'तिचं नाक बुजलं, बाई!' इतका चांगला पाठ मला एकटीला घेताच आला नसता.

जाताना साहेब गुरुजींना म्हणाले, 'या मुलीला ट्रेनिंगला पाठवा.'

संध्याकाळी गुरुजी घरी आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पाहू.' मग बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

जेवण गेलं नाही.

२४ ऑगस्ट

तुपातली पानं गळायला लागली. त्यांच्या बेचक्यात हिरवं टोक दिसतंय.

मायला म्हटलं, उरलेलं तूप फेकून दिलं असतं तरी चाललं असतं. तिने पीठ मळता मळता माझ्याकडे पाहिलं. 'उरलेलं? बैलाच्या आधी झाडाले लावलं तुह्या बापानं. म्या इचारलं तं म्हने, रेणूचं हे झाड शाळंत उभं राह्यलं का पोरगी आदिलाबादले जाईन. कामाले जाणाऱ्याचा खांदा आधी मळा लागते.'

म्हणजे बाबांचं रविवारीच ठरलं होतं!