मैदानाखालच्या मातीबद्दल

मी, खाली सही करणारी, धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणे, वय पन्नाशीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. तेवढी कुणाची टाप नाही, हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. त्यातून उठले तरी हा कागद तसाच राहील. शाळा नावापुरती झाली. शुद्धलेखन वकीलबाईंनी सुधारलं, शब्द सुधारू दिले नाहीत.

कलम एक. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या यजमानांना हयातभर राहायला, त्यांच्यामागे मुलीला. यजमानांना इथून पुढे नुसतं 'हे' लिहीन, जन्मभर तेच म्हणत आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छप्पर गळतं. ह्यांना सांगून तोंड दुखलं. आता कायद्याने सांगते, दुरुस्त करा.

कलम दोन. दुकानातलं जाड कापडाचं मशीन, दोऱ्यांची कपाटं आणि गिऱ्हाइकं माझ्या हाताखालच्या कारागीर बाईला. मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर मी असेन तिथून ओरडेन.

कलम तीन. नणंदेने नेलेला मोठा कुकर तिच्याकडेच राहू दे. तो तिला दिला असं नाही, मागून मागून कंटाळा आला असं समजावं.

कलम चार. बँकेत जे काही निघेल ते आधी कलम सहामधल्या कामाला लावावं. उरेल ते मुलीचं.

कलम पाच. घरामागची मोकळी जागा आणि तिच्यावरचं बास्केटबॉलचं अर्धं मैदान मुलीला. इथे जरा जास्त लिहावं लागणार.

मुलगी शाळेपासून खेळायची. घरी सराव व्हावा म्हणून ह्यांनी मैदान करायचं मनावर घेतलं. हे पाण्याच्या पंपावर कामाला, सुट्टी मिळाली की दोरी आणि खुंट्या घेऊन मागे. आमची माती काळी, चिकट. पाणी प्याली की फुगते, उन्हात आटली की हात जाईल एवढ्या भेगा. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर ती खालून ढुसण्या देत राहते. म्हणून ठरलं होतं की मांडीभर खोल खोदायचं, काळी माती उचलून बाहेर न्यायची, मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि एक पावसाळा तसंच सोडायचं. मग वरचं काम. खोदाई-भराई माझ्या धाकट्या दिराला दिली. त्याचा धंदाच तो, शिवाय घरचा माणूस. ह्यांना तेव्हा बाहेरगावच्या पंपावर पाठवलं होतं. मी दिवसभर दुकानात. हे परत आले तर खड्डा भरलेला, वर लाल मुरूम सपाट. ह्यांनी विचारलं, माती बसली का. दीर म्हणाला, "बसली रे दादा. पावसाळ्याची वाट कशाला बघतोस?"

भावाच्या त्या एका शब्दावर ह्यांनी काँक्रीट ओतलं. खांब उभा केला. जाळी मी सीटबेल्टच्या पट्टीची शिवली, ती अजून शाबूत आहे.

पाऊस लागला तशी माती फुगली. खांब कलला आणि काँक्रीटची एक लादी सांध्यापाशी वर आली. मुलीची राज्याच्या संघात निवड झालेली. उडी मारून खाली येताना पाय नेमका त्या सांध्यावर पडला. गुडघ्यात काहीतरी तुटलं ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. चालायला लागली, पण खेळ संपला. दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, एक पावसाळा थांबता आलं नाही तुम्हाला." तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. ती दुसऱ्या शहरात राहते. मला फोन करते आणि आधी विचारते, घरात कोण आहे.

आता पुढचं. कललेला खांब आम्ही दोघांनी उपटला, तेव्हा खड्ड्यात वर वीतभर मुरूम आणि खाली तीच काळी माती. जी खोदली तीच परत लोटली होती. मी तशीच दिराकडे निघाले होते. ह्यांनी हात धरला. म्हणाले, तो आत्ता कुठे उभा राहतोय, ही गोष्ट बाहेर गेली तर त्याला कुणी कुंपणाचा खड्डाही खणायला देणार नाही. पोरीचा राग माझ्यावर आहे, माझ्यावरच राहू दे. माझ्या जिवात जीव असेपर्यंत मी तिला सांगणार नाही, असा शब्द ह्यांनी माझ्याकडून घेतला. मी तो पाळला. माझ्यासारखीने तोंड शिवून बसायचं म्हणजे काय, ते कुणाला सांगून कळणार नाही.

मुली, तू हे वाचते आहेस म्हणजे शब्दाची मुदत संपली.

कलम सहा. मैदान फोडावं. पहिला घाव मुलीने घालावा आणि हे शेजारी उभे राहावेत. खाली काय आहे ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, माझ्यावरही विश्वास ठेवू नये. मग काळी माती सगळी बाहेर काढून नीट भराई करावी. पाणी बाहेर जाईल असा उतार द्यावा, कडेने चर काढावा. पावसाळाभर वर काही ओतू नये. त्या पावसाळ्यात मुलीने घरी येऊन राहावं. कुठे पाणी साचतं, कुठे खचतं, ते दोघांनी छत्र्या घेऊन बघावं. एक छत्री मोडकी आहे, दुसरीत दोघं मावतात. पुढे तिथे खेळायचं की कपडे वाळत घालायचे ते तिने ठरवावं. पण माती बसली, असं म्हणायचा अधिकार फक्त मुलीचा.

कलम सात. धाकटा दीर आपला काँक्रीटचा मिक्सर उभा करायला मागची जागा मागत असतो. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रावर जो साक्षीदार त्याला त्यातून काही घेता येत नाही. म्हणून त्याला साक्षीदार केलं.

तो आज दुकानात आला. चहा घेतला, माझी तब्येत विचारली. मी कागद पुढे ठेवला आणि आधी वाच म्हटलं. पाचव्या कलमापाशी आला आणि तिथेच थांबला. फोमच्या गठ्ठ्यावर बसून राहिला. चहा गार झाला.

"वहिनी, हे कोण वाचणार?"

"तुझी पुतणी."

"दादाला विचारलंस?"

"दादाने शब्द माझा घेतला होता. तुझा नाही."

मग त्याने पेन मागितलं. माझ्या सहीखाली तो जे लिहील ते त्याचं त्याने लिहिलेलं, मी सांगितलेलं नाही.

वर लिहिलेलं सगळं माझ्या मर्जीचं आहे. आधी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द.

ठिकाण: माझं दुकान, कापड बेतायचं टेबल.
दिनांक: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे तो.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. मजकूर वाचला नाही, दोघांना सही करताना पाहिलं. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर, धंदा खोदाई-भराई. वहिनीने माझ्यासमोर सही केली. पाचवं कलम वाचलं, ते खरं आहे. पोरी, माती बसली नव्हती. मला माहीत होतं. (सही)