घोंगडीवाल्याची तेरवी

माय,

काल नातवानं भरलं ताट तसंच सोडलं. टीव्हीवर तो रोज एक कार्टून बघायचा. उडणारा, एका हातानं पूल उचलणारा कुणीतरी होता त्यात. काल त्याचा शेवटचा भाग झाला, आणि जगाला वाचवता वाचवता तो आभाळात विरून गेला म्हणे. पोरगं भिंतीकडे तोंड करून बसलं. मित्रांचे फोनवर फोन, सगळे मुसमुसणारे, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न की आता उद्यापासून काय बघायचं. सून म्हणाली, "आई, तुम्ही तरी सांगा त्याला, ते काय खरं असतं का?" मी सांगायला म्हणून त्याच्याजवळ बसले आणि मीच रडायला लागले. सुनेला वाटलं माझं ब्लडप्रेशर वाढलं. ती पाणी आणायला धावली. तिला कसं सांगू, की ते रडू आपल्या घोंगडीवाल्याचं होतं, आणि पोटात साठ वर्षं दाबून ठेवलेलं होतं. म्हणून आज लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता पंचवीस वर्षं झाली. तू असतीस तर माझी ही मास्तरणीची मराठी ऐकून म्हणाली असतीस, "कोनाले लिवून राह्यली वं, कलेक्टरले?"

तुला ते बुधवार आठवत असतील. राज्यांची नव्यानं वाटणी होऊन नागपूर मराठी मुलखात गेलं आणि आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो त्याला सहा-सात वर्षं झाली होती. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मराठी तेवढी तुझ्या चुलीपाशी उरलेली. बाबा वारासिवनीच्या भातगिरणीत फिटर होते. बुधवारी परत येताना बसस्टँडवर नागपूरहून आलेलं साप्ताहिक घ्यायचे. पोरांची मराठी सुटू नये हे त्यांचं कारण, आणि शेवटच्या पानावरचा घोंगडीवाला हे आमचं. त्याची ती चित्रांच्या चौकटींची गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. डोंगरात राहणारा साधा माणूस, कुणी संकटात सापडलं की काळी घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि उडायचा. आपल्या ओट्यावर गल्लीतली दहा-बारा पोरं जमायची. मी मराठी वाचायची, आणि समोरच्या कंपाउंडरच्या मुलीला कळावं म्हणून लगेच हिंदीत सांगायची. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि त्या ओट्यावर माझा रुबाब तहसीलदारापेक्षा कमी नव्हता.

पण खरा भक्त होता आपला धाकटा. पाच वर्षांचा जीव, बाबांचा पंचा गळ्याला गाठ मारून बांधायचा आणि ओट्यावरून अंगणात उडी मारायचा. गुडघे फुटायचे. तू हळद लावता लावता ओरडायचीस, "काहून उड्या मारून राह्यला रे? पाय मोडंल ना!" तो गंभीरपणे म्हणायचा, "माय, मी मारून नाई राह्यलो. घोंगडीच नेते." ते तू शेजारणींना इतक्यांदा सांगितलंस की आपल्याकडेच राहणारी आत्याही हसायची, आणि आपली आत्या हसणं म्हणजे उंबराला फूल.

पोळा झाला आणि त्याला ताप भरला. कंपाउंडर रोज येऊन बघून जायचा. आतड्याचा ताप आहे, पेजेखेरीज काही देऊ नका, तळलेलं तर नावालाही नको, असं बजावून जायचा. त्या बुधवारी मी त्याच्या बाजेशी बसून नवा भाग वाचला. घोंगडीवाला भुयारात कोंडलेला, वरून पाणी सोडलेलं, आणि खाली 'पुढील अंकी'. त्यानं विचारलं, "मंग तो निंगते का नाई?" मी म्हटलं, पुढच्या बुधवारी कळेल. मग त्यानं तुझ्याकडे मान वळवली. "माय, गुलगुले दे ना." तू त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, "बरा झाला का तळून देईन रे बाप्पा. टोपलंभर करीन." शुक्रवारी सकाळी तो गेला.

लहान लेकराला जाळत नाहीत. बाबा आणि दोन-चार माणसं त्याला वैनगंगेकडे घेऊन गेली, तासाभरात रिकाम्या हातांनी परत आली, अंघोळी केल्या आणि झालं. तू दारात उभी होतीस. आत्या म्हणाली, "लेकराचं काई नसते करा लागत. ना दहावं, ना तेरवी. तेरवी मोठ्या मानसाची." तू रडायला लागलीस की तीच सांगायची, दुसरं पोर आहे समोर, रडू नको, अपशकुन असतो. आत्या दुष्ट नव्हती, तिचीही दोन अशीच गेली होती आणि तिलाही कुणी रडू दिलं नव्हतं. तू ऐकलंस. सात महिने तू रडली नाहीस. भाजीत मीठ दोनदा पडायचं, दूध उतू जात असताना तू बघत बसायचीस, आणि रात्रीच्या जेवणाला कधी कधी चार पाटांऐवजी पाच मांडायचीस आणि मग एक उचलायचीस. बाबांनी साप्ताहिक बंद करायचं ठरवलं तेव्हा मात्र तू म्हणालीस, "बंद नोका करू. आनत जा." आणि दर बुधवारी मी वाचून झालं की स्वयंपाकघरातून विचारायचीस, "निंगला का तो?" मला वाटायचं, मायलाही गोडी लागली. इतकी कशी गं मी मठ्ठ.

तो भुयारातून निघाला, पुढे आणखी कितीतरी संकटांतून निघाला. आणि होळीच्या आधीच्या एका बुधवारी संपला. पुरात खचणारा रेल्वेचा पूल त्यानं पाठीवर तोलून धरला, गाडी पार झाली आणि पूल त्याच्यासकट खाली गेला. शेवटच्या चौकटीत नुसता काठ आणि काठावर ओली घोंगडी. खाली 'समाप्त'. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. कंपाउंडरच्या मुलीनं "क्या लिखा है, बोल ना" म्हणत पान हिसकावलं, स्वतः वाचलं आणि भोकाड पसरलं. लाकूडटालवाल्याचे जुळे म्हणाले, छापणाऱ्याची चूक झाली असेल. कोपऱ्यावरचा शिंपी, एवढा मिशाळ बाप्या, मशीन थांबवून विचारायला आला आणि खरं कळल्यावर संपादकाला आईवरून शिवी देऊन गेला. आम्ही संपादकाला कार्ड लिहिलं, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत, की त्याला जिवंत करा, आम्ही सगळे अभ्यास करू. पुढल्या बुधवारी शेवटच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. मागल्या बुधवारी तू घरी नव्हतीस. आता आतून विचारलंस, "निंगला का?" मी म्हटलं, "नाई माय. मेला तो. सरली गोष्ट." तुझ्या हातातला भाताचा पितळी गंज चुलीपुढे पडला आणि गडगडत माझ्यापर्यंत आला. तू तो उचलायला आली नाहीस.

तेरवीची कल्पना कंपाउंडरच्या मुलीची. "तेरहवीं नहीं करेंगे तो भटकता रहेगा," ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. बोटांवर दिवस मोजले. जुळ्यांपैकी एक डोकं भादरायला न्हाव्याकडे जाऊन बसला. बाप जिवंत असताना हे काय अभद्र म्हणून न्हाव्यानं वस्तरा दाखवून पळवला, आणि घरी गेल्यावर जिवंत बापानं झोडपला तो वेगळाच. आमच्याकडे तेरवीचं सगळं ठरलं होतं, पण ना शिधा होता ना शिजवणारं कुणी. मी भीत भीत तुझ्याकडे मूठभर तांदूळ मागायला आले. आत्या कडाडली, "कागदाच्या मानसाची तेरवी? येडे झाले का रे पोट्टे हो?" तू तांदूळ निवडत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "होऊ द्या, वन्सं. कोनाची तं तेरवी होऊ द्या." आत्या उठली आणि तिनं माळ्यावरचा कोहळा उतरवला.

त्या दिवशी तू पहाटेपासून चुलीपुढे. वरण, भात, कोहळ्याची भाजी, आणि तिळाच्या तेलात गुलगुले. घरभर गुळाचा वास सुटला. त्या घरात सात महिन्यांनी काही तळलं जात होतं. मी कंबरेवर हात ठेवून तुला शिकवलं, की घोंगडीवाल्याला भाकर आणि ठेचा आवडतो, अंकात तसं आहे, गुलगुले आवडतात असं कुठंच लिहिलेलं नाही. तू झारा तसाच धरून म्हणालीस, "लिवलं नसंल. मले मालूम हाय." अंगणात पोरांची पंगत बसली. प्रत्येकाला दोन दोन गुलगुले वाढलेस. बाबा पाणी वाढत होते. मग तू एक पत्रावळ वेगळी वाढलीस, तिच्यावर पाच गुलगुले ठेवलेस आणि डोक्यावरून पदर घेऊन घरामागच्या सांदवाडीत गेलीस. मी मागोमाग आले आणि कडुनिंबाआड उभी राहिले.

पत्रावळ तू मातीच्या भिंतीवर ठेवलीस आणि हात जोडून उभी राहिलीस. झाडावर कावळे होते, काव काव करत होते, पण एकही खाली येईना. मोठ्यांच्या दहाव्याला मी ते बघितलं होतं: कावळा शिवला नाही की घरचं माणूस पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं. तू पुढे झालीस. "ये रे बाप्पा," म्हणालीस. "मी तुले नाई देल्ले. कंपाउंडर नाई म्हने म्हून नाई देल्ले रे. मले का मालूम होतं. आता देऊन राह्यली ना, घे. तो भुयारातून निंगला होता, बरं का. सांगाचं राहूनच गेलतं." तेव्हा कुठे मला कळलं, की ही तेरवी कुणाची आहे. कावळा आला नाही. ऊन चढलं, तू तशीच उभी. मग आत्यानं पुढून हाक मारली, पोरं वरण मागताहेत म्हणून, आणि तू मागं वळून वळून बघत आत गेलीस.

थोड्या वेळानं तू परत आलीस तेव्हा पत्रावळ रिकामी होती आणि मी भिंतीशी उभी होते. "नेले?" तू विचारलंस. मी मान डोलावली. "कावळ्यानं?" मी म्हटलं, "हौ. दोन आलते. पाचही नेले." तू भिंतीला धरून खाली बसलीस आणि रडलीस, माय. मोठ्यानं, छाती बडवून, गल्लीला ऐकू जाईल असं. आत्या धावत आली. ती तुला गप्प करील असं मला वाटलं, पण ती तुझ्याजवळ मातीत बसली आणि तीही रडायला लागली. अंगणातल्या पोरांना वाटलं घोंगडीवाल्यासाठी चाललंय, म्हणून त्यांनीही गळे काढले. त्या संध्याकाळी तू पोटभर जेवलीस. पाट चारच मांडलेस.

पुढं जन्मभर तू ते सांगत राहिलीस. माझ्या लग्नात माझ्या सासूला सांगितलंस, की माझ्या लेकानं तेराव्याला नाही, पण सात महिन्यांनी का होईना, घेतलं. शेवटच्या दुखण्यात मी नागपूरहून आले तेव्हा तुझा हात काडीसारखा झाला होता. तू म्हणालीस, "माह्या टायमाले कावळा लौकर नाई आला तं घाबरू नोको. मले कायचीच आस नाई. तो तं तवाच खाऊन धाला." मग माझं मनगट घट्ट धरून विचारलंस, "तुनं सोताच्या डोयानं पायलं होतं ना वं?" मी म्हटलं, "हौ माय. दोन कावळे." तू डोळे मिटलेस आणि तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मला पळून जावंसं वाटलं. तुझ्या दहाव्याला घास ठेवला न ठेवला तोच कावळा आला. लोक म्हणाले, पुण्यवान बाई.

आज नातू झोपल्यावर हे लिहितेय. वाटलं होतं, लिहावं की तुझी तगमग बघवली नाही म्हणून मी तसं केलं. शोभलं असतं, आणि मला तपासणारं आता कुणी उरलेलं नाही. पण तसं नव्हतं गं. तुला दिलासा वगैरे द्यायचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खोटं बोलले ते मार चुकवायला. पंगतीत मला दोनच मिळाले होते, आणि भिंतीवर पाच होते. कावळा आलाच नव्हता, माय. त्याचे गुलगुले मी खाल्ले. अजून गरम होते, आणि लई गोड लागले.