कोपऱ्यावरचा चोथा

प्रिय शियाओमान,

तुझं पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे छान आहेत. बाबा म्हणाले, "शेन्झेनला थंडी पडते कुठे, तिला काय कळतंय मोज्यांतलं?" म्हणजे आवडले. घातले मात्र नाहीत, उशाशी ठेवलेत.

गेल्या वर्षी बाबांच्या दवाखान्यात सरकारी तपासणीवाले आले होते, ते फोनवर तुला नीट सांगितलंच नाही. सभ्य होते बिचारे, चहाही प्यायले. म्हणाले, आता बचनागाची विषारी मुळी घरी उकडायची नाही, कारखान्यातली पाकीटबंदच वापरायची. बाबांनी मान डोलावली, "बरोबर आहे, अडाण्याच्या हातून माणूस मरतो," म्हणाले आणि सही करून कढया स्वतः पुसून दिल्या. इतकं शहाण्यासारखं वागले आणि रात्री जेवले नाहीत. आठवतं ना, मुळी उकडली की एक चकती जिभेवर ठेवून बसायचे? जीभ बधिर झाली की विष उरलंय, पुन्हा उकडायची, आणि तोवर बोबडं बोलून तुला हसवायचे. पाकिटातली चकती चघळून म्हणाले, "लाकूड आहे नुसतं." मग त्या मुळीवर भरवसा बसेना, औषध लिहून देताना मात्रा खोडून पुन्हा पुन्हा लिहायला लागले. रोगी हळूहळू मोठ्या इस्पितळाकडे वळले. तिथे काढा पिशवीत तयार मिळतो.

म्हणून आता गल्लीच्या कोपऱ्यावर काढ्याचा चोथा दिसत नाही. पूर्वी घरोघरचा चोथा तिथे पडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवला की दुखणं त्याच्या पायाला लागून निघून जातं म्हणून. लोक वळसा घालायचे आणि तुझे बाबा मुद्दाम त्यावरून चालायचे. मी चिडायचे, जगाची दुखणी घरात कशाला आणता? तर म्हणायचे, "वैद्याने नाही न्यायची तर कुणी न्यायची गं?"

आता खरं लिहिते. त्यांचं हृदय थकलंय. पाय गुडघ्यापर्यंत गार पडतात. इस्पितळाने घरी पाठवलं. तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. अशा गारठ्यावर ते बचनागच द्यायचे. माळ्यावर त्याच्या जुन्या मुळ्या आहेत, चोरून उकडते म्हटलं, तर म्हणाले, "सही केलीय मी." त्याने बरे झाले असते की नाही, कोण सांगणार. पण मला रडू आवरत नाही. पाकिटातल्याचाच काढा देते. चोथा कोपऱ्यावर टाकायला निघाले तर हात धरला माझा, "तिथे नको, पोर त्याच वाटेने येईल." तेव्हापासून चोथा परसात पुरते. रोज विचारतात, कोपरा झाडलास ना? रोज झाडते. वाट स्वच्छ आहे, बाळा. ये.

तुझीच,
आई