विमानाच्या फळीवरचा नारळ

सोमवार, ६ जानेवारी
सरितानं फळी घरी आणली! विमानाच्या पंखाची. काळी, पाटाएवढी, वजनाला सुपासारखी. काळ्या कापडाचे थर, दोऱ्यानं आरपार शिवलेले, चीक पाजून भट्टीत भाजलेले. बाहेर असली फळी महाग पडते, माझी नात तलासरीच्या शेडमध्ये स्वस्तात करते. उद्या बंगळूरला जाणार, तिथं दाबून बघणार. मोडली तर शेडचा मालक चिमणभाई हे काम बंद करणार — आणि सरिता परत घोलवडला चिकूच्या पेट्या भरायला!
मोडत नाही.
शेजारची बायजी डोकावली. "विमान कुठं ठेवशील ग, पडवीत?" म्हटलं, तुझ्या कोंबड्या हलव, तिथं ठेवते.

मंगळवार, ७ जानेवारी
घोटाळा. माझ्यामुळं.
नव्या ट्रॅक्टरला नारळ फोडतो, मग फळीला का नको? दगड हाताशी नव्हता. फळीवरच हाणला. नारळाची दोन भकलं, फळीवर ओरखडा नाही! मी खूश. सरिता पांढरीफटक.
"आजी, वरून दिसत नाही तोच मार वाईट! आत थर सुटतात."
शेडमध्ये नेऊन आतलं दाखवणाऱ्या मशीनखाली धरली. आत रुपयाएवढा डाग. दुसरी करायला कापड नाही.
मी म्हटलं, कुणाला दिसतंय? गप पाठव.
"उद्या त्यात माणसं बसतील, आजी."
डागाभोवती खडूनं गोल काढला आणि चिमणभाईला सगळं सांगून मोकळी झाली. तो मला म्हणतो, "डोशीमा, तुम्ही तर माझ्या धंद्यावरच नारळ फोडला!"
म्हटलं, शिवण घट्ट आहे. बघशील.

बुधवार, ८ जानेवारी
गेली फळी. बायजी विचारते, नारळ गोड होता का? होता.

रविवार, १९ जानेवारी
सरिता धड जेवत नाही. मी जेवते.

सोमवार, २० जानेवारी
टिकली! डाग होता तेवढाच राहिला, दोऱ्यानं पुढं फाकू दिला नाही. बंगळूरचे साहेब म्हणाले म्हणे, मार खाऊन टिकते का, हेच तर बघायचं होतं. चिमणभाई पेढे घेऊन आला. नारळाचं नाव मी काढलं नाही — त्यानंच काढलं.

मंगळवार, २१ जानेवारी
साहेबांनी सरिताला बोलावलंय. उद्या निघते — विमानानं.
त्या विमानाला आत कुठं मार नाही ना, कुणी बघितलं का? विचारलं तर हसली.
म्हटलं, रेल्वेनं जा.