देवदूताचं नाक

सूनबाई,

आम्ही दोघं जुन्या चर्चमध्ये निघालोय. हो, दोघंही! आज एक दिवस ते आतून सगळ्यांना बघायला खुलं आहे. हे कळल्यावर तुझे सासरे, घसरून पडल्यापासून पहिल्यांदाच, आपणहून उठले. दाढी केली, बूट चढवले. गवंडीकाम करायचे तेव्हा तिथल्या देवदूताचं तुटलेलं नाक त्यांनीच घडवलं होतं, म्हणे माझं बघून! लग्नापासून ऐकतेय, आज खरंखोटं करूनच येते. देवदूत नकटा निघाला तर बघतेच त्यांच्याकडे.

जेवण झाकून ठेवलंय, आमच्यासाठी थांबू नकोस.

फाटकाशी उभे राहून हाका मारतायत. काठी मात्र इथे दाराआडच आहे. ती घेऊन मागे धावत येऊ नकोस. त्यांना तिची आठवणच झालेली नाही.