मामांच्या कंपनीचे दोर

ता. ४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मिळवून दिलेल्या नोकरीत आता रुळले आहे. आमच्याकडचे पोलादी दोर तुम्हाला काय सांगायचे, तुमच्या लिफ्ट कंपनीसाठी तुम्हीच ते खरेदी करता. प्रत्येक गुंडाळीचा एक तुकडा मी यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढते. तुटताना असा आवाज होतो की मी कानांवर हात ठेवते. एवढ्याशा दोरावर रोज कितीतरी घरांची माणसं खाली-वर करतात, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

एक गंमत सांगते. तुमच्या कंपनीला जाणारे दोर आम्ही ओढतच नाही. साहेब म्हणतात, मामांचा माल आहे, जाऊ दे तसाच. काय तुमचा दबदबा! मी सगळ्यांना मिरवून सांगते.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

ता. ११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या जिभेला हाड नाही, तसं लेखणीलाही नाही. कामावरच्या गोष्टी पत्रात लिहू नयेत, मिरवू तर मुळीच नयेत. मामी बरी आहे. तू जेवणाची हेळसांड करतेस असं तिचं ठाम मत आहे.

तुझा,
मामा

ता. २ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कंपनीची एक लिफ्ट आमचा दोर तुटून दोन मजले घसरली, माणसं थोडक्यात वाचली, हे तुम्हाला माहीतच आहे. काल कोर्टाने आमचे दोर असलेल्या सगळ्या लिफ्ट बंद करवल्या. संध्याकाळी जिन्याजिन्यांतून लोक धापा टाकत चढत होते. एका आदेशाने अख्खं शहर पायांवर आलं. मी थक्क होऊन बघत राहिले.

आज तपास अधिकारी बाई आल्या. मी म्हटलं, दोन्ही कंपन्या खासगी, यात सरकारचं काय गेलं? त्या म्हणाल्या, खासगी नोकरीतही विश्वासाचा सौदा केला की तो गुन्हाच, आणि लाच म्हणजे पैसेच असावे लागत नाहीत. मग त्यांनी विचारलं, नोकरी लागताना तुमची मुलाखत कुणी घेतली होती? मामा, मुलाखत झालीच नव्हती. माझी नोकरीच ती लाच होती. जे मलाच दिसलं नाही, ते कायद्याला दिसलं.

सोमवारी माझी साक्ष आहे. आईच्या माघारी तुम्ही मला वाढवलंत. तुमच्याविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटणार नाही. आठवत नाही म्हणून सांगेन.

रागावलात तरी दूर करू नका.

तुमची,
भिंगरी

ता. ५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तसलं काही करू नकोस. आज मी आपल्या पायांनी कोर्टात गेलो. वकील म्हणत होते, तुम्ही पैशाला हात लावलेला नाही, गप्प बसा, सिद्ध करताना तपासवाल्यांच्या नाकी नऊ येतील. न्यायाधीश बाई मला मुलगी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, हे न तपासलेले दोर घेतल्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं? मी म्हणालो, भाचीची नोकरी, आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंनी आवाजही न चढवता ते लिहून घेतलं. जन्मभर बड्या मालकांत वावरलो, पण कुणापुढे इतका लहान झालो नव्हतो. नवल म्हणजे, इतका हलकाही कधी झालो नव्हतो.

तुझी नोकरी जाईल. माझं व्हायचं ते होईल. साक्ष देताना माझ्याकडे बघू नकोस, असं लिहिणार होतो. पण बघ. एक शब्द जरी गाळलास तरी मला कळेल.

यानंतरही मामाच म्हणत जा.

तुझा,
मामा